घरी केलेला मल्ट : तिसरा ऑसिलेटर लावला की सूर उतरतो, काय चुकलंय?

गुंतागुंत :
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

माझ्याकडे दोन रांगांचा छोटा युरोरॅक (सुटी मॉड्यूल जोडून केलेला सिंथेसायझर) आहे. मॉड्यूल वाढत गेली तशी एकच कटकट सुरू झाली, सिग्नल तीन ठिकाणी न्यायचाय आणि आउटपुटचं भोक एकच. इतके दिवस तो चांदणीसारखा हेडफोन स्प्लिटर असतो ना, एकातून पाच निघणारा, त्यावर भागवलं. चालतो तो, मोनो प्लगसुद्धा चालतात, पण केबलच्या जंगलात लोंबकळत राहतो आणि कुठली वायर कुठे गेली ते शोधण्यातच पॅच करायचा मूड जातो. म्हटलं पॅनेलवर नीट बसणारा मल्ट, म्हणजे एक सिग्नल अनेक जॅकना वाटणारं मॉड्यूल, स्वतःच करू, त्यात आहे काय, आठ जॅक आणि वीतभर तार.

तर केला. २ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी, रुंदी ४ एचपी (रॅकमधलं रुंदीचं माप) म्हणजे २० मिमी, उंची १२८.५ मिमी. चार-चार जॅकचे दोन गट. प्रत्येक गटातल्या चारही टिपा (सिग्नलचे पाय) एका तारेने जोडल्या, सगळ्या स्लीव्ह (ग्राउंडचे पाय) दुसऱ्या तारेने. पॉवर नाही, चिप नाही, म्हणजे पॅसिव्ह. पहिलं पॅनेल वाया गेलं तो किस्सा वेगळा : टेम्प्लेट कागदावर प्रिंट करून पट्टीवर चिकटवलं, हौसेने सगळी भोकं पाडली आणि रॅकला लावायला गेलो तर वरचा स्क्रू बसला, खालचा बसेना. वरच्या-खालच्या स्क्रूमध्ये १२२.५ मिमी हवेत, माझे आले जेमतेम ११९. प्रिंटरने पानात बसवायच्या नादात सगळंच आक्रसून टाकलं होतं. दुसऱ्यांदा आधी कागदावर पट्टी ठेवून मोजलं.

आता मूळ रड. सीक्वेन्सरची (एकामागोमाग सूर सोडणारं मॉड्यूल) पिच, म्हणजे सूर ठरवणारं व्होल्टेज, मल्टमध्ये घातली आणि तीन ऑसिलेटरना (प्रत्यक्ष आवाज काढणारी मॉड्यूल) वाटली. एकच ऑसिलेटर जोडलेला असताना ट्यून केलं होतं, बेसची लाइन सीक्वेन्सरच्या दुसऱ्या चॅनेलवरून थेट जाते. खालचे सूर ठीक वाटतात, पण मेलडी जसजशी वर चढते तसतशी बेसशी फटकून वागायला लागते. गंमत म्हणजे तिन्ही ऑसिलेटर आपापसात जुळलेलेच आहेत! आणि चालू असताना मल्टमधून एक केबल उपटली की उरलेल्या दोघांचा सूर किंचित वर सरकतो. सोल्डरिंग खराब आहे का? सगळे जॉइंट दोनदा करून झाले.

करवती_लाट :
मी गेली कित्येक वर्षं साधा पॅसिव्ह मल्ट वापरतोय, पिचसाठीसुद्धा, कधी काही झालं नाही. सोल्डरच बघा परत, कुठेतरी फ्लक्सची घाण राहिली असेल.

ओहमकार :
सोल्डरला उगाच बदनाम करू नका. केबल उपटल्यावर सूर वर सरकतो यातच उत्तर आहे. मीटर आहे ना? सीक्वेन्सरमधून बरोबर ३ व्होल्ट सोडा आणि मल्टच्या तारेवर मोजा, आधी एक ऑसिलेटर जोडून, मग दोन, मग तीन. आकडे इथे टाका.

गुंतागुंत :
मोजले. काहीच न जोडता ३.००, एकाला २.९७, दोनाला २.९४, तिनाला २.९१. म्हणजे गळतंय कुठेतरी??

ओहमकार :
गळत नाहीये, वाटलं जातंय. जरा सविस्तर लिहितो, हाच प्रश्न दर काही महिन्यांनी फिरून येतो आणि दर वेळी कोणीतरी बिचारा सोल्डर परत परत वितळवत बसलेला असतो.

बहुतेक मॉड्यूलच्या आउटपुटला आतून १ किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये असतो. तो तिथे हवाच, चुकून आउटपुट ग्राउंडला टेकला किंवा दोन आउटपुट एकमेकांना भिडले तर ऑपॅम्पला (आउटपुट चालवणारी ॲम्प्लिफायरची चिप) तोच वाचवतो. आणि इनपुटचा रेझिस्टन्स साधारणपणे १०० किलोओहम. आता एक आउटपुट एका इनपुटला जोडलं की हे दोन रेझिस्टर मिळून व्होल्टेज डिव्हायडर होतो, १०० भागिले १०१, म्हणजे ९९ टक्के. तुमच्या ३ चे २.९७ झाले ते असे. दोन इनपुट पॅरलल आले की १०० चे ५० झाले, ५० भागिले ५१, ते झाले २.९४. तीन आले की ३३.३ भागिले ३४.३, म्हणजे २.९१. तुमचे आकडे इतके तंतोतंत आलेत की मल्ट उत्तम झालाय एवढं नक्की :)

आता कानाला हे कसं लागतं ते बघा. एका व्होल्टला एक सप्तक हा हिशोब, म्हणजे एका सेमीटोनला ८३.३ मिलिव्होल्ट आणि एका सेंटला (सेमीटोनचा शंभरावा भाग) जेमतेम ०.८३. एकाचे तीन ऑसिलेटर झाल्यावर ३ व्होल्टचा सूर साधारण ५८ मिलिव्होल्टने खाली आला, म्हणजे ६९ सेंट! अर्ध्या सेमीटोनच्याही पुढे. तोच फरक १ व्होल्टवर मोजलात तर फक्त २३ सेंट, आणि शून्यावर काहीच नाही. ही घट टक्केवारीत असते, म्हणून खाली कळत नाही आणि वर चढलं की बेसूर होतं. ट्यूनिंगचा नॉब फिरवून हे जाणार नाही, वरचा सूर जुळवलात की खालचा सुटेल. चौथा ऑसिलेटर लावून बघा, ३ व्होल्टवर अख्खा सेमीटोन उतरलेला मिळेल.

तिघं आपापसात का जुळतात तर तिघांनाही तेच कमी झालेलं व्होल्टेज मिळतंय. बेस दुसऱ्या वाटेने थेट जातो, त्याचं काही कमी झालं नाही, म्हणून भांडण फक्त त्याच्याशी.

गुंतागुंत :
अहो हे तर दहावीच्या विज्ञानातलं निघालं! मग करवती_लाट यांना कधीच त्रास कसा झाला नाही?

करवती_लाट :
तेच विचारणार होतो. आत्ताच मोजलं, माझ्याकडे एक ऑसिलेटर असो नाहीतर चार, मीटर ३.०० च दाखवतोय. सोल्डरबद्दलचे शब्द मागे घेतो, पण "पिचला पॅसिव्ह चालतच नाही" हेही खरं नाही ना मग.

ओहमकार :
बरोबर, ते सरसकट खरं नाहीच. तुमच्या सोर्समध्ये तो १ के (१ किलोओहमचा रेझिस्टर) फीडबॅकच्या आत घेतलेला असणार. म्हणजे ऑपॅम्प स्वतःच्या पायावरचं व्होल्टेज बघत नाही, रेझिस्टरच्या पलीकडे जॅकवर काय पोचलं ते बघतो आणि जेवढं कमी पडलं तेवढं मागून ढकलतो. अशा आउटपुटला पाच-सहा इनपुट लावले तरी तो हलत नाही. पिच देणारी बरीच मॉड्यूल अशी केलेली असतात, सगळी नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, बफर (प्रत्येक आउटपुटला स्वतःचा ऑपॅम्प असलेला मल्ट) बांधायला घ्यायच्या आधी तीन वेळा मीटर लावा. आकडा हलला तर बफर, नाही हलला तर आठ जॅक आणि तार झिंदाबाद. आणि ऑडिओ, गेट (चालू-बंदचा सिग्नल), एलएफओ (संथ लहरीचा सिग्नल) यांना तर पॅसिव्हच पुरे. एकाऐवजी चार इनपुट लावल्यावर आवाज पाव डेसिबलने कमी होतो, ऐकू येत असेल त्याने हात वर करावा.

नवखी :
वाचतेय, मस्त चाललाय धागा. एक बाळबोध प्रश्न विचारू का? मल्टमध्ये एकातून तीन निघतात, तर उलटं करून दोन ऑसिलेटर आत आणि एक केबल बाहेर असं केलं तर तो मिक्सर होईल ना?

डाख_आणि_धूर :
नवखी ताई, नाही, आणि तसं करूही नका. दोन आउटपुट एकाच तारेवर आले की ते एकमेकांना खेचायला लागतात. दोघांनाही १ के असेल तर दोघांची सरासरी मिळते, म्हणजे आवाज येतो, म्हणून लोकांना वाटतं की चाललं. पण ज्या आउटपुटचा १ के फीडबॅकच्या आत आहे तो हट्टी असतो, जॅकवर आपलंच व्होल्टेज ठेवायला जीव तोडून ढकलत राहतो, दुसरा आपल्याकडे ओढतो. आणि १ के मुळीच नसलेला एखादा आउटपुट सापडला तर चिप गरम. मिक्सिंगला मिक्सरच हवा.

गेट मात्र एकत्र करता येतात, त्याला प्रत्येक इनपुटच्या वाटेत १एन४१४८ डायोड घालायचा, काळी पट्टी आउटपुटच्या बाजूला, आणि आउटपुटवर १०० के ग्राउंडला. कुठलाही गेट वर गेला की आउटपुट वर. डायोड ०.६-०.७ व्होल्ट खातो, ५ चे ४.३ होतात, गेटला तेवढं चालतं. यालाही पॉवर लागत नाही, तुमच्या पुढच्या पॅनेलसाठी कल्पना.

शांत_फिल्टर :
जरा अवांतर. ही मल्टची भानगड जुनीच आहे. १९७१ च्या आर्प २६०० या सिंथेसायझरवर पॅनेलवरच चार जॅकचा मल्टिपल दिलेला होता. सर्ज या मॉड्यूलर सिंथच्या सिस्टिममध्ये बनाना प्लग, एकावर एक चढवत जायचे, मल्टची गरजच नाही. फक्त बनानाच्या केबलमध्ये ग्राउंड नसतो, म्हणून दोन वेगळ्या केस जोडताना ग्राउंडची वायर वेगळी टाकावी लागते, हे विसरून कितीतरी लोकांनी संध्याकाळी घालवल्यात. युरोरॅक डोएप्फर कंपनीच्या ए-१०० पासून सुरू झाला, १९९५ चा सुमार, त्यात ए-१८० म्हणजे नुसता मल्ट. तुम्ही जे घरी केलं तेच.

आणि हो, लोंबकळत्या केबलवरून आठवलं. पॅसिव्ह मल्टमध्ये आधी केबल खोचून दुसरं टोक मोकळं सोडू नका. ते टोक पॅनेलच्या धातूला टेकलं की अख्ख्या गटाची पिच धाडकन शून्यावर येते. आधी लांबचं टोक लावा, मग मल्ट.

गुंतागुंत :
हे झालंय माझ्याकडे काल! मला वाटलं सीक्वेन्सर गेला.

तर ठरलं, बफर्ड करतो. टीएल०७४ (चार ऑपॅम्पची चिप) पडून आहे एक. एक इनपुट, चार आउटपुट. डोक्यात आहे ते असं : इनपुट जॅकची टिप चारही ऑपॅम्पच्या प्लस पायाला, तिथून १०० के ग्राउंडला, प्रत्येक ऑपॅम्पचा आउटपुट त्याच्याच मायनसला, आणि आउटपुटवरून १ के जॅककडे. बरोबर ना?

ओहमकार :
चालेल, पण थांबा. आत्ताच ज्याच्यावर एवढं रामायण झालं तेच तुम्ही परत बांधताय, तेही दोनदा. हिशोब करा : तुमच्या सीक्वेन्सरचा १ के आणि बफरच्या इनपुटचा १०० के, झाले ९९ टक्के. पुढे बफरचा १ के आणि ऑसिलेटरचा १०० के, परत ९९. गुणाकार ९८ टक्के. ३ चे २.९४. थेट जोडलेल्या बेसला २.९७ मिळतायत, म्हणजे बफर लावूनही ३५ सेंटचा फरक! फक्त आता तो कितीही ऑसिलेटर लावले तरी तेवढाच राहील एवढं समाधान.

दोन बदल करा. इनपुटचा १०० के काढून १ मेग (मेगओहम) घाला, टीएल०७४ च्या पायात करंट जातच नाही म्हणावा इतका कमी जातो, त्यामुळे चालतं. पण काढून टाकू नका, काहीच खोचलेलं नसताना पाय अधांतरी राहिला तर आउटपुट कुठेही भटकेल. दुसरं, १ के फीडबॅकच्या आत घ्या. ऑपॅम्पचा आउटपुट, तिथून १ के, तिथून जॅक. जॅकच्या टिपेवरून १० के परत मायनस पायाला. आणि ऑपॅम्पच्या आउटपुट पायावरून सरळ मायनस पायाला १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर. हा कपॅसिटर विसरू नका, केबलची स्वतःची कपॅसिटन्स असते आणि तिच्यामुळे असा लूप शिट्टी मारायला लागतो. ऐकू येणार नाही इतकी वरची शिट्टी, पण चिप कोमट होते आणि पिच विनाकारण थरथरते.

करवती_लाट :
मग आता त्यांचा बेस ९९ टक्क्यांवर आणि मेलडी जवळपास १०० वर. परत जुळणार नाही की!

ओहमकार :
पकडलंत. म्हणून बेससुद्धा त्याच जातीच्या बफरमधून न्यायचा, किंवा सोपं म्हणजे ऑसिलेटरच्या मागचा स्केलचा ट्रिमर (व्होल्टला सप्तक नेमकं जुळवायचा बारीक स्क्रू) ज्या वाटेने तो रोज वाजणार त्याच वाटेने सिग्नल देऊन एकदा लावून घ्यायचा. ट्रिमर असतोच त्यासाठी. फक्त नंतर तीच वाट ठेवायची, आज मल्टमधून उद्या थेट असं करत बसलात तर ट्रिमर फिरवण्यातच आयुष्य जाईल.

नवखी :
मी पहिलाच पॅसिव्ह मल्ट करायला घेतलाय, जरा जॅकच्या पायांबद्दल कोणी सांगेल का? माझ्याकडे पीसीबीवर बसणारे ते छोटे उभे जॅक आहेत, तीन पाय आहेत. वायर कुठे लावू?

डाख_आणि_धूर :
त्यातला एक स्लीव्ह म्हणजे ग्राउंड, एक टिप आणि एक स्विच. प्लग आत नसताना स्विच टिपेला टेकलेला असतो, प्लग घातला की सुटतो. डोळ्यांनी ओळखायच्या फंदात पडू नका, मीटर बीपवर ठेवा. मोकळ्या जॅकमध्ये जे दोन पाय एकमेकांशी बीप करतात ते टिप आणि स्विच, उरलेला ग्राउंड. आता प्लग अर्धवट नाही, पूर्ण खोचा आणि प्लगच्या टोकाशी जो बीप करतो तो टिप.

सोल्डर करताना जॅकमध्ये एक रिकामा प्लग खोचून ठेवा. प्लॅस्टिक तापून मऊ झालं की आतली पत्ती जागची हलते, प्लग आत असला की ती धरून राहते. मी हे न करता सहा जॅक एका दमात डागले होते, चार जॅकमध्ये प्लग सैल, एकात जाईचना. आणि हे पाय नाजूक असतात, तार लावून पाठीमागे वाकवत बसू नका, तुटतात. जाड टिन केलेली नागडी तार सगळ्या पायांवरून सरळ आडवी टाकायची आणि प्रत्येक ठिकाणी एक डाग. पॅनेल मागून सुबकही दिसतं.

पॅनेल कशाचं आहे? ॲल्युमिनियम असेल तर स्लीव्ह नटांमधून आपोआप जुळतात, पण रंगवलेलं किंवा ॲनोडाइज केलेलं असेल तर त्या थरातून करंट जात नाही. ॲक्रिलिक किंवा लाकूड असेल तर प्रश्नच नाही. कुठलंही असो, ग्राउंडची तार टाकाच. पॅसिव्ह मल्टला पॉवरची केबल नसते, त्याला ग्राउंड मिळतो तो पॅच केबलमधूनच.

नवखी :
बापरे एवढं सविस्तर! धन्यवाद. २ एचपीमध्ये आठ बसतील का?

शांत_फिल्टर :
बसतात, एका रांगेत १३ मिमी अंतरावर आठ म्हणजे पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत ९१ मिमी, रेल्वेच्या रुळांच्या मध्ये (रॅकच्या रेल हो!) साधारण ११० मिमी मोकळे असतात. पण दोन्ही बाजूंना नॉबवाली मॉड्यूल असतील तर मधली केबल काढताना बोटं अडकतात. पहिलंच पॅनेल असेल तर ४ एचपी घ्या, रुंद पट्टीवर भोक थोडं इकडेतिकडे गेलं तरी खपून जातं. १० मिमीच्या पट्टीत ६ मिमीचं भोक म्हणजे दोन्ही कडेला दोन-दोन मिमी, हातचं ड्रिल असेल तर प्रार्थना करत पाडावं लागतं. आधी सेंटर पंचने खूण, मग २-३ मिमीचं बारीक भोक, मग मोठं. नेमकं ६ न पाडता सव्वासहा-साडेसहा ठेवा, जॅकची चूक नटाखाली लपते. मागच्या बाजूची धार कानसने काढायला विसरू नका, माझ्या बोटाला अजून व्रण आहे.

गुंतागुंत :
अपडेट. वाईट आहे.

सगळं परफबोर्डवर (तयार भोकांचा सर्किट बोर्ड) मांडलं, ओहमकार यांनी सांगितलं तसंच, १ मेग, १० के, १०० पिको, झाडून सगळं. पॉवरला दोन्ही लाइनवर १एन५८१७ डायोड, १० मायक्रोचे कपॅसिटर, चिपजवळ १०० नॅनोचे दोन. रिबन केबलची लाल पट्टी मायनस १२ कडे आहे हे तीनदा तपासलं. चालू केलं, काहीच नाही. चिपवर बोट ठेवलं तर चटका बसला आणि तो ओळखीचा वास. डायोड असून चिप जळाली कशी?? डायोड उलटे नाहीत, मोजले.

डाख_आणि_धूर :
चार नंबरच्या पायाला काय दिलंय?

गुंतागुंत :
मायनस १२. नेहमीसारखं.

डाख_आणि_धूर :
"नेहमीसारखं" म्हणजे टीएल०७२ सारखं ना? आठ पायांच्या ०७२ मध्ये ४ ला मायनस आणि ८ ला प्लस. चौदा पायांच्या ०७४ मध्ये ४ ला प्लस आणि ११ ला मायनस! डायोड बिचारे दारात पहारा देतायत, रिबन उलटी लागली तर अडवतील. तुम्ही घराच्या आत जाऊन उलटं केलंत, त्याला ते काय करणार. रडू नका, मीही जाळलीय. एक नाही.

ओहमकार :
आणि पुढच्या वेळी चिपसाठी सॉकेट लावा. शिवाय चिप न बसवता आधी नुसती पॉवर द्या आणि सॉकेटच्या ४ नंबरला साधारण प्लस ११.७, ११ ला उणे ११.७ दिसतायत का ते मोजा, डायोड ०.३ च्या आसपास खातात. मगच चिप. बाकीचे पाय : १, ७, ८, १४ आउटपुट, २, ६, ९, १३ मायनस, ३, ५, १०, १२ प्लस.

गुंतागुंत :
सॉकेटच होतं सुदैवाने. दोन ट्रॅक कापून तारा अदलाबदल केल्या, नवी चिप, आणि चाललं!!

३ व्होल्ट सोडून मोजलं. चारही आउटपुट ३.०० च्या आसपास, तिन्ही ऑसिलेटर लावले, काढले, परत लावले, आकडा ढिम्म हलत नाही. मग ऑसिलेटरचे स्केल ट्रिमर याच वाटेने लावून घेतले, बेस चौथ्या आउटपुटवर नाही, तो वेगळ्या चॅनेलवर आहे म्हणून त्याचाही ट्रिमर त्याच्या वाटेने. दोन तास गेले पण आता चार सप्तकं वर जाऊनही भांडण नाही.

एक शंका आहे. इनपुटला काही नसताना चारही आउटपुट शून्य दाखवायला हवेत ना? माझे येतायत १, उणे २, ० आणि ४ मिलिव्होल्ट.

ओहमकार :
हा ऑपॅम्पचा ऑफसेट. टीएल०७४ मध्ये साधारण ३ पर्यंत असतो, साध्या ग्रेडला कमाल १० पर्यंत जाऊ शकतो. ४ मिलिव्होल्ट म्हणजे ५ सेंट. पण हा टक्केवारीतला नाही, खालीवर सगळीकडे तेवढाच, त्यामुळे ट्यूनिंगच्या नॉबने निघून जातो. प्रिसिजन ऑपॅम्प घातलात तर तेही राहणार नाही, पण मी असतो तर बदलला नसता.

डाख_आणि_धूर :
त्या जुन्या पॅसिव्हचं काय केलंत? टाकू नका. दोन गट आहेत ना चार-चारचे, त्यात एक छोटी करामत करा. दुसऱ्या गटातल्या पहिल्या जॅकची टिप आहे तशी त्याच्या गटाच्या तारेवर ठेवा, आणि त्याच जॅकच्या स्विचच्या पायाला पहिल्या गटाची तार जोडा. आता तो जॅक रिकामा असताना दोन्ही गट एक, म्हणजे एकातून सहा. त्या जॅकमध्ये दुसरा सिग्नल खोचलात की स्विच सुटतो आणि दोन स्वतंत्र गट, एकातून तीन आणि एकातून तीन. फक्त दुसऱ्या गटाचा इनपुट त्याच जॅकमध्ये खोचायचा, दुसरीकडे खोचलात तर दोन आउटपुट भिडतील, नवखी ताईंच्या मिक्सरसारखे :) त्या जॅकला वेगळ्या रंगाचा नट लावा.

नवखी :
नोंद घेतली हं!

गुंतागुंत :
भारी आहे हे, एक तार आणि काम फत्ते. आजच केलं. क्लॉक तिथून सहा ठिकाणी फिरतोय. बफरवाल्यात ४ मिलिव्होल्टचा जो आउटपुट आहे त्यालाही लाल नट लावलाय, तो फिल्टरच्या कटऑफला.

नवखी :
माझी सात भोकं एकदम सरळ रेषेत आली आणि आठवं पाडताना ड्रिल घसरलं. पॅनेलवर लांबलचक ओरखडा. पॉलिश पेपर मारला तर अजूनच उठून दिसतोय. काय करू?

शांत_फिल्टर :
सगळ्या पॅनेलवर त्याच दिशेने पेपर मारा, लांब लांब, एका बाजूला, गोल फिरवू नका. ब्रश फिनिश म्हणतात त्याला.

करवती_लाट :
किंवा ओरखड्याच्या दोन्ही टोकांना बाण काढा आणि खाली लिहा "इनपुट".